सुरीला चिकटणारा पाव

४ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

तुझ्या पिठाळ हातांना नमस्कार. फोन तू उचलत नाहीस आणि उचललास तरी "हात भरलेत" म्हणून लगेच ठेवतेस, तेव्हा पत्रच बरं. ते तू भट्टीशेजारच्या खिळ्याला अडकवून पुन्हा पुन्हा वाचतेस, अशी आतोबांकडून पक्की खबर आहे.

तू विचारलंस, "भिंगरे, तू तिकडे नक्की करतेस काय? गिऱ्हाइकं विचारतात. मी 'संशोधन' म्हणते आणि विषय बदलते." तर आता विषय बदलायची गरज नाही. हात धू, बस आणि वाच.

जवाचा एक दाणा डोळ्यांसमोर आण. आत जे पांढरं पिठूळ असतं ते स्टार्च, म्हणजे जन्माला यायच्या रोपासाठी आईने भरून ठेवलेला शिधा. पण शिधा कुलपात. स्टार्च म्हणजे साखरेच्या कणांच्या लांबच लांब माळा. इवल्याशा कोंबाला ते पचत नाही, त्याला सुटी साखर लागते. दाणा भिजला की कोंब जागा होतो आणि पहिलं काम काय करतो, तर हाका मारतो. तुझ्याकडे राहायचे तेव्हा मी सकाळी करायचे तेच. त्या हाका सालीच्या लगेच आत राहणाऱ्या पेशींना पोचतात. मग त्या एक एन्झाइम तयार करून आत सोडतात. शाळेत ज्याला विकर म्हणत आपण पाठ करायचो आणि विसरायचो, त्यातलंच एक. याचं नाव अमायलेज. ते स्टार्चच्या माळा मधूनच कापत सुटतं, तुकड्यांचे तुकडे होतात, त्यांची साखर होते आणि कोंबाचं पोट भरतं.

मी हात धुऊन मागे लागले आहे ती या अमायलेजच्या आकाराच्या. एकच लांब धागा, पण असा काही दुमडलेला की मधोमध उभ्या फळ्यांचं एक पिंप तयार होतं. पिंपाच्या तोंडाशी एक खाच असते. माळ त्या खाचेत बसली की तुटलीच. घडी विस्कटू नये म्हणून कॅल्शियमचे मोजके कण जागोजागी टाचण्यांसारखे बसवलेले. आणि खरी गंमत पुढेच आहे. कापायची जागा एकीकडे आणि माळ नुसती धरून ठेवायची जागा दुसरीकडे, लांब कडेला. तू एका हाताने पाव धरून दुसऱ्याने कापतेस ना, तसं. आमच्या वाणात ही धरायची जागा कशी आहे ते मला बघायचंय. एवढ्याशासाठी इतकी वर्षं, असं म्हणू नकोस. ते बाबांचं म्हणून झालंय.

सोबत एक डबा पाठवते. मोड आणलेले जव वाळवून दळलेलं पीठ आहे. प्रयोगशाळेतलं नाही, घाबरू नकोस. शेजारच्या माल्टच्या कारखान्यातून आणलंय, खायचंच आहे. त्यात माझं अमायलेज ठासून भरलंय. पावाच्या पिठात किंचित घालून बघ. यीस्टला साखर मिळेल, पाव छान फुगेल आणि वरून रंग येईल.

तुझी,
भिंगरी


१९ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,

आशीर्वाद आहेतच. पत्र खिळ्याला लागलं. तुझ्या आतोबांनी चष्मा पुसून वाचलं आणि "छान आहे" म्हणाले, म्हणजे त्यांना ओ की ठो कळलेलं नाही. मला कळलं. एकाने उठून बोंब मारायची आणि कडेच्या माणसांनी कामाला लागायचं, हे समजायला मला कॉलेजात जायला नको. मी तीन पोरं वाढवली, त्यातली एक तू.

पूड घातली. अगं, काय सांगू तुला! पाव असा फुगला की साच्यातून मान वर काढून रस्त्यावर बघायला लागला. रंग तर विचारू नकोस. समोरचा केकवाला काचेला नाक लावून बघत होता. शेवटी आत येऊन म्हणाला, "मावशी, पावाला चोळता तरी काय?" मी म्हटलं, "शिक्षण."

हा केकवाला म्हणजे साखरेत घोळलेलं मांजर आहे. वर्षभर माझ्या दुकानावर डोळा ठेवून बसलाय. त्याला माझी भट्टी हवी आहे. "मावशी, आता आराम करा", हे दर आठवड्याला. तिकडून माझ्या लेकीचंही तेच, आई आता बंद कर, आई तुझं वय. परवा दुकानात चार माणसं उभी असताना दोघांचाही विषय निघाला आणि माझं डोकं फिरलं. सगळ्यांच्या देखत सांगितलं, "ज्या दिवशी माझ्या हातचा पाव बिघडेल, त्या दिवशी मी होऊन किल्ली काढून देईन. तोवर कोणी तोंड उघडायचं नाही." तेव्हापासून शांतता आहे.

एक शंका. कापतं म्हणतेस, पण कापल्यावर त्या स्टार्चचं होतं काय? डोळ्यांना दिसतं का? तुझं पिंप काही मला गिऱ्हाइकाला दाखवता येत नाही.

आत्या


२ मार्च

प्रिय आत्या,

चोळलेल्या शिक्षणाचा विजय असो!

दिसतं की, अगदी ढळढळीत दिसतं. तू कपड्यांना घालायची तशी खळ कर, घट्ट, चमचा उभा राहील अशी. कोमट झाली की त्यात माझ्या डब्यातली पूड ढवळ आणि बाजूला ठेव. तू दोन गिऱ्हाइकं करून येईपर्यंत खळीचं पाणी झालेलं असेल. सगळा चिकटपणा गायब. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा टाळ्या वाजवल्या होत्या आणि आमच्या सरांनी माझ्याकडे ते बघतात तसं बघितलं होतं.

माझं बरं चाललंय असं म्हणायची पद्धत आहे. आकार बघायचा तर आधी एन्झाइमचे स्फटिक व्हावे लागतात, आणि माझे होतात ते मिठाच्या कणाएवढे, तेही रुसलेले. सर म्हणतात, धीर धरा. त्यांना काय जातंय!

भिंगरी


२१ मार्च

चि. भिंगरीस,

खळीचा प्रयोग दुकानात सगळ्यांसमोर केला. पाणी झालं! शिंपीणबाईंनी टाळ्या वाजवल्या, म्हणजे तुझ्यासारखी आणखी एक वेडी या जगात आहे.

आता दुसरं. कोणाला बोलू नकोस. पाव बिघडायला लागलाय.

बाहेरून देखणा, चांगला लालबुंद. पण कापायला घेतला की सुरीला चिकटतो. आतला भाग ओलसर, बोटाने दाबला तर दबलेलाच राहतो. काल शिंपीणबाई फडक्यात गुंडाळून पाव परत घेऊन आल्या आणि बिचाऱ्या मलाच म्हणाल्या, "माझीच सुरी बोथट असेल." लाजेने माझा जीव अर्धा झाला. केकवाला बघतोय. बोलत नाही, नुसता बघतो.

घाबरू नकोस, उपाय मला सापडलाय, तोही तुझ्याच शास्त्रातला. चालू केलाय. काय ते आत्ता सांगणार नाही. फत्ते झाली की सांगेन. तरी तुला काही सुचत असेल तर लिही.

आत्या


२७ मार्च

प्रिय आत्या,

उपाय काय केलास ते ओळखलं. पाव जास्त वेळ भट्टीत ठेवतेस, हो ना? शाबास, तेच कर.

माझे प्रश्न: गरम असताना कापतेस का? (रागावू नकोस, विचारावं लागतं.) भट्टीची आच मध्येच उतरते का? आणि मुख्य म्हणजे पीठ कुठलं? ताबडतोब दुसऱ्या गिरणीचं पीठ आणून बघ. माझा संशय पिठावर आहे. कारण मोठं आहे, निवांत लिहीन. आत्ता दारात गाडी उभी आहे. एका स्फटिकाने माझ्यावर दया केली आहे आणि त्याला घेऊन मी मोठ्या क्ष-किरण यंत्राकडे निघाले आहे. तिकडे टपाल पोचत नाही आणि फोन आत नेऊ देत नाहीत. परत आल्यावर बोलू.

घाईत,
भिंगरी


१२ एप्रिल

चि. भिंगरीस,

गरम असताना कापतेस का, असं मला विचारलंस. मला! हे मी या जन्मात विसरणार नाही.

भट्टीची आच ठीक आहे. पीठ बदललं. बदलण्याआधी गिरणीवाल्याकडे जाऊन त्याची चांगली खरडपट्टी काढली. तो शपथा घेत होता की मावशी, तुमचं पीठ मी स्वतःच्या घरी खातो. मी म्हटलं, "म्हणूनच तुझं तोंड चिकटलंय, खरं बोलता येत नाही." चांगली वर्षानुवर्षांची ओळख, पण मी मागेपुढे पाहिलं नाही.

नव्या गिरणीचं पीठ आलं. पाव तसाच, उलट जास्तच चिकट. आता तो मधे खचतो आणि आत एक पोकळी राहते. मी माझा उपाय वाढवला. जितका चिकट, तितका उपाय जास्त. काही केल्या हटत नाही. गिऱ्हाइकं अजून येतात, पण आधी पावाकडे बघतात आणि मग माझ्याकडे. पूर्वी नुसते पैसे टाकून पाव उचलायची.

लवकर लिही.

आत्या


२४ एप्रिल

भिंगरे,

तुझं उत्तर नाही, म्हणजे यंत्रापाशीच असशील. असो.

पीठ बदललं, भट्टी बघितली, पाणी गाळून घेतलं. सगळं बदलून झालं. बदलायचे राहिले ते माझे हात. मनगट गेल्या थंडीपासून दुखतंय, हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. मळताना पीठ हाताला कळवतं, झालं म्हणून. हल्ली ते मला कळवत नाही, किंवा कळवतं आणि मला ऐकू येत नाही.

बोलून बसले आहे चार माणसांत. महिना संपला की किल्ली केकवाल्याला देईन. त्याला तसं सांगितलं. तो "बरं" म्हणाला आणि लगेच निघून गेला. हसलासुद्धा नाही, मेला.

तुझ्या पिंपाचं चित्र निघालं का ते कळव.

आत्या


२५ एप्रिल

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

हे पत्र मी पोस्टात उभा राहून लिहितो आहे, कारण घरी लिहिलं तर ही मागून येऊन वाचेल. माझं अक्षर कोणाला लागत नाही, तरी वाचेल.

बाळ, तुझी आत्या मला आता बघवत नाही. काल जेवली नाही. दुपारी खुर्चीत बसून स्वतःचे हात उलटे-सुलटे करून बघत होती. मी विचारलं, काय हरवलं? तर म्हणाली, काही नाही. तिला "काही नाही" म्हणताना मी इतक्या वर्षांत ऐकलेलं नाही. तिचं नेहमी काहीतरी असतं.

मी म्हटलं, सोड, विकत आणून पाव खाऊ. त्यावर जे ऐकावं लागलं ते लिहीत नाही.

तू काहीतरी लिहून तिची समजूत घाल. निदान एवढं तरी सांग की आता तरी ते जव बंद कर. गच्चीवर पाय ठेवायला जागा नाही. तू पाठवलेला डबा कधीच संपला. "पोरीला कळलं तर पोटाला चिमटा घेऊन दुसरा पाठवेल" म्हणून तिने मला शपथ घातली आणि स्वतःच जव भिजवायला बसली. चादरींवर मोड आलेले जव, वाळलेले जव, दळायचे जव. दोरीवर माझे बनियन घालायचे तर वाकून, पाखरांची माफी मागत जावं लागतं. बिचारी रोज वाटीने पीठ दळते, पावात घालते आणि वर म्हणते, अजून कमी पडतंय. इतके कष्ट करून पाव बिघडावा, हे काही बरं नाही.

ही पत्राची गोष्ट तुझ्या-माझ्यातच राहू दे.

तुझा,
आतोबा


२९ एप्रिल

आत्या!!!

थांब. हातातलं ठेव. किल्ली कोणाला देऊ नकोस. जवाला हात लावू नकोस. (मला कसं कळलं ते विचारू नकोस. आतोबांनी काहीही सांगितलेलं नाही.)

वाटीने? आत्या, वाटीने?

मी रात्रीच परत आले, एकत्र पडलेली तुझी सगळी पत्रं वाचली आणि आधी पोट धरून हसले, मग शेवटचं वाचलं आणि हसणं गेलं. ऐक. तुझे हात ठणठणीत आहेत. तुझा पाव माझ्या एन्झाइमने खाल्लाय.

तू काय विचार केलास ते मला इथे बसून दिसतंय. पूड घातली की खळीचा चिकटपणा जातो. पाव चिकट झालाय. म्हणजे पूड कमी पडली. घाला आणखी. तुझ्या जागी मी असते तर तेच केलं असतं, कारण चूक तुझ्या डोक्यात नाही, माझ्या पत्रात आहे. खळ पातळ करायची असेल तर स्टार्च कापणं ठीक. पण पाव उभा राहतो तो स्टार्चच्याच जिवावर. भट्टीत पीठ तापलं की स्टार्च फुगतो, पिठातलं पाणी स्वतःत धरून ठेवतो आणि पावाला अंग येतं. त्या माळाच कापून टाकल्या तर पाणी धरणार कोण? ते सुटं होतं आणि आत डिंक होतो. पाव चिकट झाला तो स्टार्च कापला गेला म्हणूनच. तू आगीवर उपाय म्हणून तेल ओतत होतीस.

आणि हे जवाचं अमायलेज भलतं चिवट. पावाच्या पोटात आच हळूहळू पोचते. तिथे स्टार्च फुगून मऊ झाला तरी हे पठ्ठ्या काही वेळ जिवंतच असतं, आणि मऊ झालेला स्टार्च कापणं म्हणजे त्याची चैन. नंतर आच वाढते, टाचण्या निखळतात, पिंपाची घडी सुटते आणि ते मरतं. पण तोवर जेवून झालेलं असतं. तू जेवढी पूड वाढवलीस तेवढे जेवणारे वाढवलेस. हातांना दोष देऊ नकोस, गिरणीवाल्याला तर मुळीच नाही. त्याचं पीठ चांगलं होतं, पूड तुझीच होती. मी पीठ बदल म्हणाले होते ते असल्याच संशयाने, की गव्हाला ओल लागून मोड आले असतील आणि हेच एन्झाइम पिठात उतरलं असेल. एन्झाइम बरोबर ओळखलं, घर चुकले.

उद्या साधा पाव कर. पूर्वी करायचीस तसा. जव नाही, शास्त्र नाही, भाची नाही. कापून बघ आणि मला लगेच लिही.

चित्र निघालं. पिंप आहे, टाचण्या आहेत, आणि ती धरायची जागाही आहे. पण ते नंतर. आधी पाव.

तुझी गुन्हेगार,
भिंगरी


९ मे

चि. भिंगरीस,

उशीर झाला. कारण सांगते, हसू नकोस.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी पाव केला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. दुकानाला "भट्टी दुरुस्तीला" अशी पाटी लावली. भट्टीला काही झालेलं नव्हतं, मला झालं होतं. तोवर मनात कुठेतरी होतं की पीठ असेल, पाणी असेल, हवा असेल. आता तू म्हणालीस, पूड काढून कर. म्हणजे पूड काढल्यावरही सुरी चिकटली तर मग बोलायला जागाच उरली नाही, मग हातच. मला भीती वाटली गं. माणसाला एक गोष्ट नीट येत असते. ती गेली की घरात आपण एखाद्या जुन्या कपाटासारखे होतो, कुणी टाकत नाही आणि कुणी उघडतही नाही. मला ते कळून घ्यायचं नव्हतं.

शेवटी आतोबा गच्चीवर गेले आणि सगळे जव पाखरांना टाकून आले. मला न विचारता! खाली येऊन म्हणाले, "आता करायचा तर साधाच करावा लागेल." इतक्या वर्षांच्या संसारात या माणसाने पहिल्यांदा माझ्या कामात हात घातला.

केला. मळताना मनगट दुखलं, ते दुखतंच. पण पीठ बोललं. थंड होऊ दिला, हो, पूर्ण थंड होऊ दिला, तुला कळवायला म्हणून मुद्दाम लिहिते. मग सुरी लावली. आतोबा दाराशी उभे राहून दुसरीकडे बघत होते.

भिंगरे, सुरी कोरडी बाहेर आली. मी ती उजेडात धरून बघितली, पदराने पुसली, पुन्हा कापलं, पुन्हा कोरडी. मग मी खाली बसले आणि भोकाड पसरलं. आतोबांना वाटलं पाव बिघडला, तेही रडायला लागले. मी ओरडून सांगितलं, "अहो, चांगला झालाय!" तर म्हणाले, "मग आधी सांगायचं ना." आणि तसेच रडत राहिले, थांबायचं कसं ते त्यांना सुचेना.

एक खरं सांगते. पूड मी रंगासाठी एवढी घातली नाही. सकाळी दुकान उघडायच्या आधी तू माझ्या शेजारी उभी राहून बडबडायचीस, ते मला फार आठवतं. तुझी ती पूड पिठात पडली की वाटायचं, पोरगी आली कामावर. म्हणून चमच्याची वाटी कधी झाली ते कळलं नाही. तेव्हा आता डबे पाठवू नकोस, तूच ये. धरायची जागा सापडली म्हणतेस, ती मला समोर बसून समजाव.

गिरणीवाल्याकडे जाऊन आले. तोंडावर माफी मागितली. तो म्हणाला, "मावशी, तोंड सुटलं एकदाचं." आता पुन्हा त्याचंच पीठ.

दुकानाची पाटी उतरल्यावर केकवाला किल्ली न्यायला आला, अंगावर नवा सदरा. मी पाव कापून त्याच्या पुढे ठेवला. त्याने एक तुकडा खाल्ला, मग दुसरा, मग लोणी आहे का विचारलं. सगळं खाऊन बोटं पुसली आणि म्हणाला, "मावशी, मला काही घाई नाही. मी थांबतो."

मी म्हटलं, "थांब हो. पण उभा राहू नकोस, खुर्ची घे. वेळ लागेल."

तुझी,
आत्या